मांजर घरात घाण करू लागले, तर

गेल्या वर्षीच्या चातुर्मासातील ही गोष्ट आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या सौभाग्यवती नित्याप्रमाणे सामायिकास बसण्यासाठी आतल्या खोलीत गेल्या आणि तशाच माघारी आल्या. त्यांचे लोकरीचे आसन ओले झाले होते आणि त्याला उग्र दर्प येत होता. कोपऱ्यात आमचा बोका गोटू अंग आक्रसून बसला होता. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी आसन उचलून धुण्यास टाकले आणि त्या दिवशी हॉलमध्ये दुसरी बैठक घालून सामायिक केले. मात्र त्यांना किती वाईट वाटले, हे मला त्यांच्या न बोलण्यावरूनच समजले.

पुढील चार दिवसांत गोटूने नातीची उशी, हॉलमधील गादी आणि चिरंजीवांनी जमिनीवर ठेवलेला जीएसटीच्या कागदांचा खोका, या तिन्ही ठिकाणी तोच प्रकार केला. त्याच्यासाठी ठेवलेला मातीचा ट्रे मात्र बहुतेक कोरडाच राहू लागला. चाकणला आमच्या चिरंजीवांचे पॅकिंग मालाचे गोडाऊन आहे. दोन वर्षांपूर्वी तेथेच जन्मलेले हे पिल्लू नातीच्या हट्टामुळे आमच्या चिंचवडच्या घरी आले होते. शुक्रवारी रात्री जेवणानंतर चिरंजीव म्हणाले, "पप्पा, रविवारी मी याला परत गोडाऊनवर सोडून येतो. तिथे उंदीर आहेत, कामगार आहेत, जगेल तो." मी मान डोलावली. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले.

त्या होकाराची लाज आजही वाटते, म्हणून हा लेख लिहीत आहे. अलीकडे आपल्या समाजातील अनेक घरांत, विशेषतः मुलांच्या आग्रहाखातर, मांजरे आली आहेत. ती 'घाण करतात' एवढ्याच कारणावरून त्यांपैकी कित्येकांची रवानगी बाजारात, कारखान्याच्या फाटकाशी किंवा महामार्गाच्या कडेला होते. मी पशुवैद्य नाही. बँकेत साडेतीन दशके काढलेला वाणिज्य शाखेचा माणूस आहे. परंतु जे भोगून शिकलो आणि नंतर वाचून, विचारून पडताळले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी आजार पाहावा

शनिवारी सायंकाळी नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, गोटू सारखा ट्रेमध्ये जातो, बसतो, रडतो आणि काहीच न करता बाहेर येतो. सकाळपासून माती ओली नाहीये." आम्ही समजलो की त्याला बद्धकोष्ठ झाला असावा. रात्र तशीच जाऊ दिली. रविवारी सकाळी गोटूने दुधाकडे पाहिले नाही, एकदा ओकारी केली आणि पोटाला हात लावताच तो कळवळला. चाकणला निघालेली गाडी आम्ही पशुवैद्यांकडे वळवली.

डॉक्टरबाईंनी पोट चाचपून क्षणात निदान केले. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला होता आणि मूत्राशय दगडासारखे कठीण झाले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "काका, याला काल रात्रीच आणायला हवं होतं."

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीच्या मानाने लांब आणि अतिशय अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली, बारीक खडे झाले किंवा चिकट द्रव्याची गुठळी अडकली, तर तो पूर्ण बंद होऊ शकतो. मग मूत्राबरोबर बाहेर पडावयाची विषारी द्रव्ये रक्तात साठू लागतात. रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाची गती बिघडते. उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांतच जनावर दगावण्याचा धोका असतो. गोटूला भूल देऊन नळी घालावी लागली, सलाईन लावावे लागले आणि तीन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. चिरंजीव त्याला ठरल्याप्रमाणे गोडाऊनवर सोडून आले असते, तर सोमवारी तेथे काय आढळले असते, याचा विचार आम्ही कोणीही मोठ्याने बोलून दाखवला नाही.

म्हणून पहिला नियम हा की, नेमाने ट्रे वापरणारे मांजर अचानक बाहेर करू लागले, तर प्रथम त्याला दवाखान्यात न्यावे, स्वभावाचा विचार नंतर करावा. बोका वारंवार बसतो, कण्हतो, जननेंद्रिय चाटत राहतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर ती तातडीची वेळ समजावी. सकाळची वाट पाहू नये. घरातील माणसांची वेदनाशामक गोळी तर चुकूनही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरते.

मूत्राशयाच्या दुखण्याखेरीज इतरही कारणे असतात. वय झालेल्या मांजराला मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल तर लघवीचे प्रमाण वाढते आणि ट्रे लवकर भरतो. सांधे दुखत असतील तर ट्रेची उंच कड ओलांडणे त्याला कठीण जाते. बद्धकोष्ठ किंवा जुलाब असेल तर मल ट्रेबाहेर पडतो. लांब केसांच्या पर्शियन मांजराच्या मागील केसांत मळ अडकतो आणि मग ते ट्रेलाच कंटाळते. मऊ आसन, गादी किंवा उशी ते निवडते ते द्वेषाने नव्हे. लघवी करताना वेदना होतात, त्या वेदनेची सांगड ते ट्रेशी घालते आणि दुसरी मऊ, शोषून घेणारी जागा शोधते. आमच्या सौं.चे आसन त्याला सापडले, ते याच कारणाने.

बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. कोणतेही खाते एका दिवसात थकीत होत नाही. आधी उलाढाल घटते, मग धनादेश परत येतात, मग साठ्याची पत्रके उशिरा येऊ लागतात. जो अधिकारी या खुणा वाचतो, त्याचे कर्ज वाचते आणि कर्जदारही वाचतो. गोटूने पाच दिवस खुणा केल्या. आम्ही त्या वाचल्या नाहीत, उलट त्याला रागावलो.

धान्याच्या कोठारातील जुना सोबती

मांजराच्या वागण्याचा अर्थ कळण्यासाठी त्याचे मूळ जाणणे उपयोगी पडते. आपले घरगुती मांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजरापासून आले आहे. मध्यपूर्वेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, त्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. म्हणजे धान्याचा साठा करणाऱ्या माणसाशी त्याचे नाते फार जुने आहे. आपल्या भुसार पेढ्यांवर आणि गोडाऊनमध्ये ते आजही दिसते.

हे रानमांजर कोरड्या, रेताड प्रदेशातले होते. तेथे पाणी कमी, म्हणून त्याचे मूत्रपिंड लघवी अतिशय दाट करते. घरातल्या मांजराच्या लघवीला उग्र वास येतो तो यामुळेच. भुसभुशीत मातीत खड्डा करून मलमूत्र झाकणे हीदेखील त्याची उपजत वृत्ती आहे. ती शिकवावी लागत नाही. योग्य माती, योग्य भांडे आणि योग्य जागा मिळाली की पिल्लू दोन-तीन दिवसांत स्वतःहून ट्रे वापरू लागते. ते वापरत नसेल तर या तिहींपैकी कोठे तरी आपली चूक असते.

या मातीच्या व्यापाराची कथा आपल्या वाचकांना आवडेल. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅसोपोलिस या गावी एडवर्ड लो यांच्या घरचा व्यवसाय कारखान्यांना तेल शोषून घेणारा लाकडाचा भुसा आणि माती पुरवण्याचा होता. १९४७ च्या हिवाळ्यात शेजारच्या बाई मांजरासाठी वाळू मागायला आल्या. चुलीतील राख वापरून त्यांच्या घरभर काळे पाय उमटत होते. लो यांनी वाळूऐवजी दाणेदार मुलतानी माती दिली. बाई ती पुन्हा मागायला आल्या, तेव्हा लो यांनी तिच्या पाच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटला विक्रीस ठेवल्या. वाळू जवळपास फुकट मिळत असताना ही माती कोण घेणार, असा प्रश्न दुकानदाराने केला. प्रथम फुकट वाटा, असे लो यांनी सांगितले. लोकांनी ती नेली आणि पुढे पैसे देऊन मागू लागले. त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. पुढे १९८० च्या दशकात ओली होताच गोळा बांधणारी बेंटोनाइट माती या कामी वापरात आली आणि ओला भाग तेवढाच काढून टाकणे शक्य झाले.

बेंटोनाइट हे नाव पिंपरी-चिंचवडकरांना परके नसावे. भोसरी, चिंचवड आणि चाकण भागातील फाउंड्रींमध्ये ओतकामाचे साचे करताना वाळू बांधून ठेवण्यासाठी हीच माती मिसळतात. कच्छ, भावनगर आणि राजस्थानातील बाडमेर या भागांत ती निघते. नोकरीत असताना तारण मालाची तपासणी करण्यास मी अनेक गाळ्यांत गेलो, तेथे तिच्या गोण्यांची थप्पी मोजली आहे. निवृत्तीनंतर तीच माती घरात बोक्यासाठी चाळावी लागेल, असे तेव्हा वाटले नव्हते. फाउंड्रीची माती मात्र कोणी मांजराला देऊ नये. ती पूड स्वरूपात असते आणि तिची धूळ छातीत जाते.

आमच्या तीन चुका

गोटू चौथ्या दिवशी घरी आला. लघवी मोकळी होऊ लागली होती, औषधे सुरू होती. आम्हाला वाटले, प्रश्न मिटला. पण दुसऱ्याच दिवशी त्याने स्नानगृहाच्या जाळीवर लघवी केली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुखणं गेलं तरी ट्रेची भीती जायला वेळ लागतो. शिवाय ट्रे कसा ठेवला आहे, तेही एकदा बघा."

तेव्हा मी एक नोंदवही घातली. तारीख, वेळ, जागा, मल की मूत्र, ओल्या गोळ्याचा आकार आणि त्या वेळी घरात काय चालले होते, असे सहा रकाने आखले. पंधरा दिवसांच्या नोंदींचा ताळमेळ घातला, तेव्हा तीन गोष्टी स्पष्ट झाल्या आणि तिन्हींचा कर्ता मीच होतो.

पहिली चूक जागेची होती. पावसाळ्यात हॉलमध्ये वास नको म्हणून मी ट्रे मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नेला होता. नोंदवहीत दिसले की ट्रेबाहेरच्या बहुतेक नोंदी यंत्र चालू असतानाच्या किंवा त्यानंतरच्या तासाभरातील होत्या. यंत्र कपडे पिळू लागले की संपूर्ण गॅलरी थरथरते. अशा जागी कोण निश्चिंतपणे बसेल? त्यात गॅलरीचे दार अधूनमधून लोटलेलेही असे.

दुसरी चूक मातीची होती. नेहमीची माती सोडून मी सवलतीत मिळाली म्हणून सुगंधी मातीची मोठी पिशवी आणली होती. मांजराचे घ्राणेंद्रिय आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. आपल्याला मंद वाटणारा गुलाबाचा वास त्याला नकोसा होतो. बहुतेक मांजरांना बिनवासाची, बारीक कणांची, गोळा बांधणारी माती आवडते. माती बदलावयाचीच असेल तर जुन्या मातीत थोडी थोडी मिसळत आठवडाभरात बदलावी.

तिसरी चूक फिनेलची होती. ट्रे आणि आजूबाजूची फरशी मी रोज फिनेलने पुसून घेत होतो. स्वच्छतेचा अभिमान वाटत होता, पण मांजराचे यकृत फिनॉल वर्गातील द्रव्यांचा निचरा नीट करू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशके मांजर असलेल्या घरात वापरूच नयेत. ब्लीचिंगचे द्रावण लघवीवर ओतणेही धोक्याचे आहे. लघवीतील अमोनियाशी संयोग होऊन त्यातून त्रासदायक वायू निघतो.

ट्रे कसा असावा

ट्रे मोठा असावा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी भरेल, तिच्या निदान दीडपट ट्रेची लांबी हवी. दुकानातील बरेचसे ट्रे मोठ्या बोक्याला अपुरे पडतात. आम्ही भांड्यांच्या दुकानातून प्लास्टिकचे दोन फुटी टब आणले आणि एका बाजूची कड कापून खाली केली. पिल्लांना व म्हाताऱ्या मांजरांना अशी उतरती कड सोयीची पडते. झाकणाचा ट्रे माणसाला बरा दिसतो, पण त्यात वास कोंडतो आणि बाहेर कोण येते ते मांजराला दिसत नाही.

मांजरे असतील त्याहून एक ट्रे अधिक ठेवावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. एका मांजराला दोन, दोन मांजरांना तीन. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात, म्हणून ते वेगवेगळ्या जागी असावेत. दोन मांजरांत एक दांडगट असेल तर ते दुसऱ्याची वाट अडवून बसते, हेही ध्यानात घ्यावे. जागा शांत, मोकळी, निघून जाण्यास वाट असलेली आणि रात्रंदिवस उघडी हवी. जेवणाच्या व पाण्याच्या भांड्यांजवळ ट्रे नसावा.

माती दोन ते तीन इंच जाड पसरावी. मल आणि ओले गोळे दिवसातून दोनदा काढावेत. काही आठवड्यांनी सर्व माती बदलून टब साध्या साबणाने व गरम पाण्याने धुवावा. आपण अस्वच्छ शौचालयात पाऊल ठेवत नाही, मग मांजराने तरी का ठेवावे?

जेथे घाण झाली, ती जागा केवळ पुसून भागत नाही. लघवीतील यूरिक आम्ल साध्या साबणाने पूर्ण जात नाही. आपल्याला वास येत नाही, पण मांजराला येतो आणि ते पुन्हा तेथेच जाते. एन्झाइमयुक्त क्लीनर त्या जागी ओतून, भिजू देऊन, आपोआप वाळू द्यावे. नंतर काही दिवस तेथे मांजराची जेवणाची वाटी किंवा झोपण्याचे अंथरूण ठेवावे. खाण्याच्या जागी ते सहसा घाण करीत नाही.

लघवी करणे आणि फवारा मारणे यांतला फरकही ओळखावा. उभे राहून, शेपटी ताठ करून, ती थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी लघवी उडवली, तर ती हद्दीची खूण असते. खिडकीबाहेर सोसायटीतला दुसरा बोका दिसला, घरात नवे मांजर आले किंवा पाहुण्यांची वर्दळ वाढली की हे घडते. निर्बीजीकरण न केलेल्या बोक्यांत ते सर्वाधिक आढळते आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत थांबते. शस्त्रक्रियेविषयी आपल्या घरांत मनाला प्रश्न पडतो, तो आम्हालाही पडला. एका बाजूला भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावर जन्मून चाकांखाली जाणारी पिल्ले, असा तो हिशेब आहे. आम्ही शस्त्रक्रिया करून घेतली. प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने ठरवावे.

अन्नाचा अवघड प्रश्न

हा भाग मी टाळू शकलो असतो, परंतु टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गोटूला आम्ही दूध-पोळी आणि अधूनमधून विकतचे कोरडे खाद्य देत होतो. डॉक्टरबाईंनी आहार विचारला तेव्हा मी जरा चाचरलो.

मांजर कुत्र्यासारखे मिश्राहारी नाही. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातून मिळावेच लागते. ते नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतच पुरेसे असते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. टॉरिन मिसळलेले वनस्पतिजन्य खाद्य काही देशांत मिळते, पण वनस्पतिजन्य आहाराने लघवी अल्कधर्मी होण्याकडे कल असतो आणि अशा लघवीत एका प्रकारचे खडे होतात. म्हणून असा प्रयोग पशुवैद्यांच्या देखरेखीशिवाय करू नये. गोटूचे दुखणे कशाने झाले याचे एकच कारण सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. कमी पाणी, मनावरचा ताण, आहार, स्थूलपणा, सारेच त्यात असते.

आमच्या घरात यावर चार दिवस चर्चा झाली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलेले खाद्य गॅलरीत, वेगळ्या भांड्यात, चिरंजीवांच्याच हातून दिले जाईल, असे ठरले. सौ. त्या भांड्याला हात लावत नाहीत, आणि त्यांनी तसे करण्यास कोणी भाग पाडतही नाही. ज्या कुटुंबाला हेही शक्य वाटत नसेल, त्याने मांजर आणूच नये. त्यात काही कमीपणा नाही. आणून उपाशी ठेवणे किंवा आणून टाकून देणे, यापेक्षा ते कितीतरी बरे.

पाण्याची बाब मात्र आपल्या हातची आहे. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत ताजे पाणी ठेवावे. आपल्याकडे पाणी गाळून घेण्याची रीत आहेच, त्यातलेच एक वाटीभर मांजराचे. पाणी जास्त गेले की लघवी पातळ होते आणि खडे धरण्याचा संभव कमी होतो.

स्वच्छतेची जयणा

घरात गर्भवती सून किंवा मुलगी असली की वडीलधारी मंडळी मांजर घालवण्याचा आग्रह धरतात. भीती निराधार नाही, पण उपाय सोपा आहे. मांजराच्या मलातून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी पडू शकतात. ती बाहेर पडल्यापासून एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणजे ट्रे रोज साफ केला, गर्भवतीने ते काम केले नाही आणि करणाऱ्याने हातमोजे घालून नंतर हात धुतले, तर धोका फार कमी होतो.

काढलेली माती कमोडमध्ये टाकू नये. ती फुगून नळ तुंबतो आणि मग साऱ्या इमारतीचे भांडण ओढवते. बागेत, नाल्यात किंवा नदीकाठीही ती टाकू नये. पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीला वेगळी द्यावी. टाकाऊ वस्तू कोठे आणि कशी परठवावी, ही जयणा आपल्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

शिक्षा कोणाला?

आणखी एक कबुली. त्या पाच दिवसांत मी गोटूचे तोंड ओल्या गादीजवळ नेऊन त्याला दटावले होते, वर्तमानपत्राची सुरळी उगारली होती आणि एका रात्री त्याला गॅलरीत कोंडले होते. मांजराला झालेली घाण आणि नंतरची शिक्षा यांचा संबंध लावता येत नाही. त्याला एवढेच कळते की ही माणसे अचानक भयंकर होतात. मग ते अधिक घाबरते, अधिक लपते, आणि भीतीनेच मूत्राशयाचे दुखणे वाढते.

अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो, त्यांत जीवाला बांधून ठेवणे, मारणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे यांचा समावेश आहे. ते गाडीच्या बैलांपुरते आहेत असे मी समजत होतो. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी पांजरापोळ उभी केली, आणि तेव्हापासून आपल्या समाजाने अशा संस्थांना सढळ हाताने दिले. मीही दरवर्षी देणगीची पावती घेतो. आणि तोच मी घरातल्या आजारी जीवाला गोडाऊनवर सोडण्यास मान डोलावतो! अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानेही गुन्हा आहे. घरात वाढलेल्या मांजराला परक्या जागी अन्न शोधता येत नाही, आणि तेथली मांजरे त्याला थारा देत नाहीत.

आता गोटूचे दोन टब आहेत. एक हॉलच्या कोपऱ्यात, एक आतल्या खोलीच्या पॅसेजमध्ये. नव्या टबात सुरुवातीस जुन्या टबातील थोडी माती टाकली, बाकी सर्व बिनवासाची. धुण्याचे यंत्र सुरू करण्यापूर्वी गॅलरीचे दार लावतो. नोंदवहीत तेविसाव्या दिवसानंतर ट्रेबाहेरची नोंद नाही. त्यानंतरही दिवसातून एकदा मी ओले गोळे मोजतो. बँकेत रोख मोजण्याची सवय होती, ती अशी कामी आली. संख्या किंवा आकार घटला की दवाखान्यात फोन करायचा, असा घरात नियम आहे. एकदा तसे झाले, औषधाने दोन दिवसांत बरे वाटले आणि नळी घालण्याची वेळ आली नाही.

सौं.नी आसन गार पाण्यात भिजवून, एन्झाइमच्या द्रावणाने धुऊन, उन्हात वाळवले. वास गेला. त्या त्याच आसनावर बसतात आणि उठल्यावर ते घडी करून कपाटात ठेवतात.

त्या वर्षी संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणाहून आल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे घरातल्या सर्वांची, नातेवाइकांची, फोनवर जुन्या सहकाऱ्यांची क्षमा मागितली. सगळे आटोपल्यावर नात म्हणाली, "आजोबा, गोटूला मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं राहिलं." मी खाली बसलो आणि म्हणालो. तो पाण्याच्या वाटीशी बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पाणी पिऊ लागला. डॉक्टरांनी सांगितले होते, पाणी भरपूर जायला हवे. मी उठलो नाही, त्याचे पिऊन होईपर्यंत तेथेच बसून राहिलो.